कुत्रा मोठा, बदनामी त्याहून मोठी

बाबांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी आठवीत होतो. गार्डन रीचच्या गोदीत नौदलाची जहाजे बांधली जातात. त्या कामावर देखरेख करणाऱ्या तुकडीत बाबा होते. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका जुन्या तीन मजली इमारतीत भाड्याने राहिलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि तळमजल्यावर बाघा.

बाघा म्हणजे रॉटवायलर. पंचेचाळीस किलो वजन, काळे कुळकुळीत अंग, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके आणि आपल्या फुटबॉलएवढे डोके. बंगालीतला बाघा म्हणजे आपला वाघ्या. त्याच्या मालकीणबाईंना सगळे काकीमा म्हणत. (त्यांच्या यजमानांना सगळे ‘काकू’ म्हणत. बंगालीत काकू म्हणजे काका, हे कळेपर्यंत माझी पुरती फजिती झाली होती.) सुट्टीत घरी गेलो की पहिले काही दिवस मी जिना चढायच्या आधी काकीमांचे दार बंद आहे ना, हे वाकून बघत असे. शाळेत अडथळ्यांची शर्यत धावणारा मुलगा तळमजल्यावरून चवड्यांवर चालत जाई!

तसे त्या भागाला वाघांचे नावीन्य नाही. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला आणि गार्डन रीचला लागून असलेल्या मटियाबुर्जला राहिला. १८८७ मध्ये वारला तोपर्यंत त्याने तिथे मोठे प्राणिसंग्रहालय बाळगले होते आणि त्यात खरेखुरे वाघ होते. वाघांच्या शेजारी राहिलेल्या त्या वस्तीत आज एका कुत्र्याला बघून लोक रस्ता बदलतात, याची मला गंमत वाटे. अर्थात मीही त्यांतलाच होतो.

भीती वाटणे चूक नाही. पण ती कशाची वाटते हे तपासून बघावे, म्हणून मी वाचायला लागलो. पहिली गोष्ट कळली ती अशी की, ज्यांना आपण ‘भयंकर’ म्हणतो ते बहुतेक मोठे कुत्रे मुळात माणसांवर सोडण्यासाठी तयार झालेलेच नव्हते. रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून आले. तिथले खाटीक या कुत्र्यांकडून गुरे हाकून नेत आणि त्यांना गाडीलाही जुंपत. आगगाडी आली, गुरे रेल्वेने जाऊ लागली, कुत्र्यांचे काम गेले आणि ही जात जवळजवळ नाहीशी झाली. पुढे विसाव्या शतकात पोलिसांनी त्यांना नोकरी दिली म्हणून ती टिकली. ग्रेट डेन रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवला गेला. सेंट बर्नार्ड आल्प्स पर्वतातल्या एका खिंडीतल्या मठात राहून बर्फात सापडलेल्या प्रवाशांना शोधत असे. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसे वाचवली असे सांगतात आणि त्याचा देह स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. अपवाद डॉबरमनचा. जर्मनीत आपोल्डा गावी डॉबरमन नावाचा एक करवसुली करणारा माणूस होता. वसुलीला जाताना सोबत दरारा असावा म्हणून त्याने ही जात तयार केली. म्हणजे दरारा हेच तिचे मूळ काम.

दुसरी गोष्ट अशी की ‘सर्वांत धोकादायक कुत्रा’ हा किताब फिरता आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोक ब्लडहाउंडला घाबरत. आज ब्लडहाउंड म्हटले की लोंबते कान आणि रडका चेहरा आठवतो. त्यानंतर पाळी जर्मन शेफर्डची आली. पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाल्यामुळे ब्रिटनमध्ये त्याचे नाव बदलून अल्सेशियन केले गेले. आपल्याकडे जुनी माणसे अजून हेच नाव वापरतात. पुढे डॉबरमन, मग रॉटवायलर, मग पिटबुल. कुत्र्यांचा स्वभाव दर वीस-तीस वर्षांनी असा जातीजातीने बदलत नाही. ज्या काळात ज्या माणसांना दहशत घालायची असते, ती त्या वेळी गाजलेली जात विकत घेतात, तिला साखळीला बांधतात, चिडवतात, आणि मग बातमी येते.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठवले. त्यात तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी आणि ज्यांच्या घरी त्या जातींचे कुत्रे आधीच आहेत त्यांची नसबंदी करून घ्यावी, असे म्हटले होते. यादीत रॉटवायलर होता. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन नव्हते. तोसा इनू आणि जपानी तोसा अशी दोन नावे होती, कुत्रा मात्र एकच! ‘टेरियर’ हा एक शब्द मोघमच घातलेला होता. त्यात उंदीर पकडणारी मांजराएवढी कुत्रीही बसतात. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधित लोकांचे म्हणणे न ऐकता काढलेले हे पत्र रद्द ठरवले. पण पत्राची बातमी जेवढी पसरली तेवढी निकालाची पसरली नाही. आमच्या इमारतीत मे महिन्यात पत्राचे कात्रण जिन्याजवळच्या फळ्यावर टाचलेले होते. निकालाचे नव्हते.

हे पत्र हवेतून आले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने एका वृद्ध बाईंचा जीव घेतला होता. अशा घरांना जाऊन ‘कुत्रा मुळात गरीब असतो हो’ म्हणणे हा निर्दयपणा होईल.

मग खरे काय? २०२२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली गेली. निष्कर्ष असा की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. बाकी सारे त्या त्या कुत्र्याचे, त्याच्या वाढीचे आणि त्याच्या माणसांचे. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत, माणसांवर धावून जाण्यात डॅशहंड आणि चिवावा हे चिमुकले कुत्रे वरच्या क्रमांकावर निघाले. चिवावा चावला तर घरचे हसतात, रॉटवायलर चावला तर टाके पडतात. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. स्वभाव आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा कुत्रा रागीट असतो हे खोटे, पण त्याची एक चूक महागात पडते हे खरे. (पिटबुलचा जबडा कुलपासारखा अडकतो म्हणतात, ते मात्र साफ खोटे. त्याच्या जबड्यात असे काहीही नसते.)

जातीवर बंदी घालून भागते का, याचा अनुभव इतर देशांनी घेतला आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. तीस वर्षांनी एक्सएल बुली नावाचा नवाच प्रकार पुढे आला आणि त्याचे नाव यादीत वाढवावे लागले. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते.

आता मी जे केले ते सांगतो. ते सांगायचे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

त्या मेमध्ये माझी नववीची परीक्षा झाली होती. तोवर बाघाची नि माझी चांगली गट्टी जमली होती. काकीमांचे गुडघे दुखत, म्हणून संध्याकाळी मीच त्याला फिरवून आणी. एकदा तो जेवत असताना मी त्याचे ताट जरा सरकवले. तो गुरगुरला. मला ते बेशिस्तीचे वाटले. मी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या नाकावर मारली. पुढचे चार-पाच दिवस रोज तेच केले, काकीमा आत असताना. सहाव्या दिवशी मी ताटाला हात लावला तर तो गप्प. ‘शिस्त लागली!’ मी मनात म्हटले. मला अभिमान वाटला.

त्यानंतर आठवड्याने माझी धाकटी बहीण त्याचे पाणी भरायला वाकली. तो जेवत होता. तो गुरगुरला नाही. सरळ वळला आणि त्याने तिचा हात तोंडात धरून सोडला. फ्रॉकची बाही फाटली आणि दंडावर दोन लाल ओरखडे उठले, त्यांतला एक रक्ताळलेला. आईने जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. बाघाला रेबीजची लस दरवर्षी दिलेली होती. तरीही डॉक्टरांनी बहिणीला इंजेक्शने सुरू केली, आणि ते योग्यच होते. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही.

दुसऱ्या दिवशी रहिवाशांची बैठक बसली. फळ्यावरचे कात्रण काढून टेबलावर ठेवले गेले. ‘सरकारनेच सांगितले आहे, ही जात अशीच.’ पत्रात पाळलेला कुत्रा हाकलून द्या असे कुठेच नव्हते आणि बाघाची नसबंदी केव्हाच झाली होती, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हते. काकीमा मान खाली घालून बसल्या होत्या. ‘एवढी वर्षे कधी असे केले नाही हो त्याने,’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी बाबांच्या मागे उभा होतो. मी काही बोललो नाही. आठ दिवसांत कुत्रा हलवायचा असे ठरले.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी काकीमांना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, त्याचे जास्त वाईट वाटले. हिंदी-बंगालीच्या मिश्रणात त्या म्हणाल्या, ‘शोन, दारावर घंटा असते ना? ती वाजली तर राग येतो म्हणून तू तारच कापलीस. आता माणूस दारात आला तरी कळणार कसे?’ मग बाबांना सांगितले. बाबांनी मला सेक्रेटरींकडे नेले आणि स्वतः गप्प उभे राहिले. बोलायचे मीच होते. निर्णय बदलला, पण अटी पडल्या: बाहेर काढताना तोंडाला जाळी हवी आणि काकीमांशिवाय कुणी त्याला सांभाळायचे नाही. दुसरी अट माझ्यासाठी होती, हे सगळ्यांना कळत होते.

गुरगुर हे कुत्र्याचे शेवटून दुसरे वाक्य असते. त्याआधी तो बरेच काही बोलून झालेला असतो. अंग ताठ करतो, तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरपे बघतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूष, हेही दर वेळी खरे नसते. ताठ उभी शेपूट झपझप हलत असेल तर लांब राहावे. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात अंगाशी घेऊन स्थिर उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नये. जेवणारा, झोपलेला, पिल्लांजवळचा आणि बांधलेला, या चार कुत्र्यांच्या वाटेला मालक सोबत असल्याशिवाय जाऊ नये. पिल्लू आणायचे असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंतचा काळ सोन्याचा. त्या काळात माणसे, मुले, सायकली, फटाके, सगळे त्याला हळूहळू दाखवावे लागते. ते राहून गेले तर पुढे भित्रा कुत्रा वाढतो, आणि चावणाऱ्या कुत्र्यांत भित्रे फार असतात.

आपल्या शाळेतल्या मुलांना सैन्यातले कुत्रे माहीत आहेत. मेरठच्या केंद्रात ते शिकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही लढलेला झूम बेल्जियन शेफर्ड होता, आणि तो बाघाच्या निम्म्या वजनाचा असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या ज्या जंजीरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले, तो तर लॅब्रॅडोर. घोरपडे राजांच्या मुधोळचा आपला हाउंडही २०१६ पासून मेरठला शिकू लागला. अंगाने काटकुळा, नजर तीक्ष्ण, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. या कुत्र्यांना निवडताना आधी प्रत्येकाची परीक्षा होते. चांगल्या जातीचा असूनही जो दचकतो किंवा विनाकारण चवताळतो, तो कामाचा नसतो.

गेल्या सुट्टीत काकीमांकडे जाऊन आलो. आम्ही आता क्वार्टरमध्ये राहतो. बाघा म्हातारा झाला आहे, मागचे पाय ओढत चालतो, आणि कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात दिवसभर फरशीवर पोट टेकून पडून असतो. काकीमांनी वर्षभर रोज त्याच्या ताटात लांबून एकेक मांसाचा तुकडा टाकला. माणूस जवळ येतो तो काढून घ्यायला नव्हे, द्यायला, हे त्याला पुन्हा शिकवले. मी गेलो तेव्हा तो जेवत होता. मी दारातून आत दोन पावले टाकली आणि तो बारीक गुरगुरला. मी होतो तिथे थांबलो, मग एक पाऊल मागे घेतले. काकीमा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘ऐकलेस?’ बाघाने पुन्हा ताटात तोंड घातले.