पावसाची वही लिहिणाऱ्याचं यश

काही शेतकरी निव्वळ हौसेनं वर्षानुवर्षं रोजचा पाऊस वहीत लिहितात. पैसे नाहीत, सत्कारही नाही. मग यश कशात? खाडा न पडण्यात. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, तारखेसमोर मिलिमीटर लिहायचे. पाऊस नसला तर शून्य. जागा कोरी सोडली, तर पाऊस पडला नव्हता की बघायचं राहिलं, हे पुढं कळत नाही. (खरा कंटाळा इथंच येतो.)

मंडळाचं यंत्र लांब, आपल्या शिवारात पाऊस वेगळाच. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. घाई केली की दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च डबल. म्हणून जूनमध्ये शेजारी दारात येऊन विचारतो, "दादा, आपल्याकडं किती झाला?" वहीवाला बेरीज करून सांगतो, "६२. थांब अजून."