कंपनी बुडते तेव्हा आपल्या पैशाचं काय होतं?

कर्ज, व्याज, थकबाकी हे शब्द गटात बसणाऱ्या बाईला नवे नाहीत. पण थकबाकीदार एखादी कंपनीच असेल तर? तुम्ही म्हणाल, कंपन्यांशी आपला काय संबंध! पण कुणाच्या सासऱ्यांनी जास्त व्याज मिळतं म्हणून कंपनीत मुदत ठेव ठेवलेली असते, कुणाच्या मुलाचा पगार अडकलेला असतो. कंपनीकडून ज्यांचं येणं आहे, ते सगळे तिचे घेणेकरी.

यासाठी २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपनीनं देणी थकवली की प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जातं. आपण त्याला सोयीसाठी कोर्ट म्हणू. कोर्टानं प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीवरची वसुली आणि जप्ती थांबते, कारभार संचालकांच्या हातून काढला जातो. नेमलेला माणूस घेणेकऱ्यांचे दावे मागवतो आणि कर्ज देणाऱ्यांची समिती बसते. मग कुणी नवा मालक पुढे येतो, ‘कंपनी मी चालवतो, तुमच्या येण्यापैकी एवढे देतो,’ असं सांगतो. समितीत ६६ टक्के मतं पडली की तो आराखडा कोर्टापुढे मंजुरीला जातो.

ही मतं कशी मोजतात, ते नीट ऐका. आपल्या गटात एका बाईचं एक मत. इथे ज्याचे रुपये जास्त, त्याचं मत मोठं. म्हणून बहुतेक वेळा बँका ठरवतील तेच होतं.

मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल या कंपनीचं उदाहरण बघा. घरासाठी कर्ज देणारी ही कंपनी लोकांच्या ठेवीही घ्यायची. २०१९ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. घेणेकऱ्यांचे दावे सुमारे ८७ हजार कोटींचे होते. पिरामल समूहाचा आराखडा होता सुमारे ३४ हजार कोटींचा. समितीत त्याला ९४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ७ जून २०२१ ला मुंबईच्या न्यायाधिकरणानं मंजुरी दिली. दोन लाखांपर्यंत दावा असलेल्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळायचे होते. त्यावरच्यांना मिळणार होते शंभरातले साधारण २३ रुपये, म्हणजे रुपयाला चार आणेसुद्धा नाहीत. आयुष्यभराची पुंजी ठेवलेली म्हातारी माणसं होती त्यात.

मग कोर्टानं काय केलं? लहान ठेवीदारांच्या वाट्याचा फेरविचार करा, असं समितीला सुचवलं. हुकूम दिला नाही, कारण तसा अधिकारच नाही. कोर्ट एवढंच तपासतं की आराखडा कायद्यात बसतो का, आणि कंपनी मोडीत काढली असती तर जेवढं मिळालं असतं, निदान तेवढं तरी माल पुरवणाऱ्यांसारख्या घेणेकऱ्यांना मिळतंय का. कुणाला किती द्यायचं हा व्यवहार समितीचा. सर्वोच्च न्यायालयानंही १ एप्रिल २०२५ ला हा आराखडा कायम ठेवला. मला हे टोचतं, पण कायदा असा आहे.

मंजुरी मिळाली म्हणजे कंपनी वाचलीच, असंही नाही. जेट एअरवेजचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला, पण नव्या मालकांनी ठरल्याप्रमाणे पैसे भरले नाहीत. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती कंपनी मोडीत काढायला सांगितलं.

आता आपल्या कामाचं. मंजूर आराखडा सगळ्यांवर बंधनकारक असतो, विरोधात मत देणाऱ्यांवरसुद्धा. आणि त्यात ज्याचा दावा नाही, त्याचं येणं संपलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून दावा वेळेत गेला पाहिजे. जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पेपरात येते, शेवटची तारीख त्यातच असते. मुदत थोडी असते, साधारण दोन आठवड्यांची. ठेवीची पावती, बँकेचं पासबुक, पगाराच्या चिठ्ठ्या, बिलं, जे असेल ते दाव्याला जोडा. ठेवीदार खूप असतील तर त्यांच्या वतीनं एक प्रतिनिधी समितीत बसतो. तो ठेवीदारांना विचारूनच मत देतो, तेव्हा त्याचा निरोप आला की आपलं मत कळवा.

आणि पैसे गुंतवायच्या आधीची एक गोष्ट. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. कंपनीतल्या मुदत ठेवीला तो नसतो, व्याज कितीही जास्त असलं तरी.