दुआ येते, पाणी मागता येत नाही

मगरिबची अजान होते. घरचे खजुराकडे हात नेतात आणि खाटेवरून अब्बांचा आवाज येतो. रोजा सोडतानाची अख्खी दुआ, कुठेही न अडखळता. सगळ्यांचे डोळे भरतात. पाच मिनिटांनी अब्बांना तहान लागते, तेव्हा मात्र 'पानी' हा शब्द काही केल्या सापडत नाही. ते चिडतात, ताट ढकलतात.

शहापूरजवळून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकी घसरून डोक्याला मार लागलेला माणूस वाचतो, घरी येतो, आणि मग घरात असे प्रसंग सुरू होतात. दुआ आली म्हणजे वाचा परतली, असे घरच्यांना वाटते. पाणी मागता आले नाही की 'हट्ट करतात' असे वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डावी बाजू करते. तिला इजा झाली की शब्द जुळवणे अवघड होते. यालाच वाचाघात म्हणतात. पण वर्षानुवर्षे घोकलेले, आपोआप ओठांवर येणारे बोलणे पुष्कळदा शाबूत राहते. दुआ, आरती, पाढे, आणि हो, शिवीसुद्धा! लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हा फरक एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. कोणती भाषा आधी परतेल? आल्बेर पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी 1895 मध्ये मांडले, की रोजच्या वापरातली. पुढच्या अभ्यासांत मात्र दोन्ही भाषा बरोबरीने सुधारल्याची उदाहरणेच जास्त आढळली. म्हणून जी भाषा ओठांवर येईल, तिला येऊ द्यावे.

रमजानमध्ये खरी कसोटी मुलांची. चाळीस वर्षांत एकही रोजा न चुकवलेल्या बापाला 'तुम्ही धरू नका' असे कोणी सांगायचे? आजाऱ्याला रोजा माफ आहे. बरे झाल्यावर तो भरून काढता येतो, आणि ती आशा नसेल तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे, त्याला फिदया म्हणतात. हे अब्बांनाही ठाऊक असते, पण मन मानत नाही. इथे मुलांनी डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांनाही मध्ये घ्यावे. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीची वेळ टळली, सहरीसाठी झोप मोडली, तर फिट येण्याचा धोका वाढतो. इफ्तारला आलेले पाहुणे प्रेमाने सरबताचा ग्लास पुढे करतात, तेही जपूनच. गिळण्याचा त्रास असलेल्यांना पातळ पेयाचाच ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

वाचोपचारासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून. हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था तर 1955 पासूनची. शहापूरकरांनी आसनगावहून लोकल धरायची. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, तेही चालताना तोल जाणाऱ्या माणसाला धरून. एका फेरीत घरच्या कमावत्याचा दिवस जातो. रोज हे कोणाला जमणार? म्हणून तिथे गेल्यावर घरी करायचा सराव नीट शिकून घ्यावा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते, पण नंतरही ती थांबत नाही.

सराव साधाच असतो. नात समोर पाणी आणि चहा ठेवते, एकच प्रश्न विचारते आणि गप्प बसते. दादा बोट दाखवतात. ती घाई करत नाही. शब्द येईनासा झाला, तर फक्त 'पा...' म्हणते आणि पुन्हा थांबते.