पंधरा हजार रिबिटं, दोन हात

तांदळाच्या दाण्याएवढं लांब, त्याहून जरा जाड, एका टोकाला चपटं डोकं. घरी बांधायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या विमानातलं हे सगळ्यात छोटं रिबीट. जाडी २.४ मिलिमीटर, वजन ग्रॅमचा साधारण दहावा हिस्सा. ते पत्र्याच्या भोकात घालायचं, डोक्यावर हवेची गन टेकवायची, मागून लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा. सेकंदभर तडतड होते आणि मागच्या शेपटीचं चपटं बटण होतं. हे बटण रिबिटाच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच. कमी दबलं तर पकड ढिली राहते. वाकडं झालं तर ड्रिलने उडवायचं आणि पुन्हा नवं मारायचं.

अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतलं दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं, तर अशी लहानमोठी बारा-पंधरा हजार रिबिटं मारावी लागतात. पंधरा धरू. एक रिबीट निदान दोन पत्रे जोडतं, म्हणजे भोकं झाली तीस हजार. हल्लीच्या किटमध्ये ती पाडूनच येतात, पण प्रत्येक भोकाला दोन तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडाची बारीक कड हाताने साफ करावी लागते, कारण पत्र्याला तडा जातो तो अशाच खरखरीत कडेपासून. कडा झाल्या साठ हजार. एका कडेला पाचच सेकंद दिले तरी ८३ तास नुसत्या कडा साफ करण्यात जातात. एवढ्यानंतरही एकसुद्धा रिबीट मारलेलं नसतं! पंखाच्या पोटात हात पोचत नाही तिथे ठोकळा धरायला दुसरं माणूस लागतं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको, नवरा नाहीतर शाळेत जाणारं पोर.

सगळं मिळून दीड ते अडीच हजार तास लागतात. मधला दोन हजारांचा आकडा घेतला, तर कामावरून आल्यावर रोज एक तास, गणपती-दिवाळीचा दिवससुद्धा न सोडता, साडेपाच वर्षं. अमेरिकेच्या नियमानुसार यातलं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं लागतं. विमान तयार झालं तरी आधी सहसा २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच चाचणीची उड्डाणं करायची.

आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. १८० किलोचं इंजिन अरुंद जिन्याने गच्चीवर चढवलं. पुढे विमान क्रेनने खाली आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. पत्रा आणि रिबिटांचे तास मोजता येतात, कागदांच्या पाठीमागे गेलेल्या या वर्षांचे तास कुणी मोजायचे? मला त्या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता इंजिन. आरव्हीमध्ये लायकमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन सर्रास बसवतात. ते पूर्ण खोलून ओव्हरहॉल करण्याची मुदतही दोन हजार तासांचीच, म्हणजे बांधायला लागले तेवढेच. मिनिटाला २४०० फेरे धरले तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला ४८०० स्फोट, तासाला २ लाख ८८ हजार. ओव्हरहॉलपर्यंत ५७ कोटी ६० लाख. प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन-दोन, एक दगा देईल म्हणून दुसरा. पुढचा ७२ इंची पंखा पूर्ण जोरात मिनिटाला २७०० फेरे घेतो, तेव्हा त्याचं टोक ताशी ९३० किलोमीटरने फिरत असतं. विमान धावपट्टीवर ब्रेक दाबून उभं असलं तरी त्याच्या पंख्याचं टोक प्रवासी जेटपेक्षा जोरात पळतं.

सगळ्यात थक्क करणारे आकडे मात्र वजनाचे. त्याआधी या मालिकेची सुरुवात. व्हॅन्सचे रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांनी सुरुवात केली ती दुसऱ्याच्या विमानात फेरफार करून. स्टिट्स प्लेबॉय नावाचं लहान विमान घेतलं, त्याला जास्त ताकदीचं इंजिन दिलं, अ‍ॅल्युमिनियमचे नवे पंख स्वतः आखून लावले. १९६५ सालची गोष्ट. त्या एका फेरफारातून पुढे मालिका उभी राहिली आणि लोकांनी आपापल्या हातांनी पुरी करून उडवलेली आरव्ही विमानं आज अकरा हजारांवर गेली आहेत. त्यातलं आरव्ही-७ कसरतीसाठी ७२६ किलोपर्यंत भरता येतं आणि कसरतीत ६ जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार, सोसण्यासाठी आखलेलं आहे. म्हणजे त्या क्षणी पंखांवर ४,३५० किलोंचा भार, एक धिप्पाड हत्ती. पंखांचं क्षेत्रफळ किती? दहा बाय बाराच्या खोलीएवढं. वरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही. हौशी माणूस सीटखाली एक किलोची वस्तू वाढवतो तेव्हा त्या क्षणी ती सहा किलोंची होते. त्याचा जाब पंखाला, म्हणजे शेवटी त्या ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या रिबिटांना द्यावा लागतो.

आरव्हीच्या उलट टोकाला फ्रान्सचं क्री-क्री नावाचं चिमुकलं विमान. १९७३ मध्ये उडालेलं, दोन इंजिनांचं, पंखांची लांबी ४.९ मीटर, रिकाम्याचं वजन ७८ किलो. आत बसणारा माणूसच बहुधा विमानापेक्षा जड!

आणि वजनाच्या हिशेबाची परिसीमा म्हणजे व्हॉयेजर, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी आखलेलं विमान. घरी बांधता येतील अशी विमानं आखणाऱ्या बर्ट रुटान यांनी १९८१ मध्ये जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालावर त्याचं पहिलं चित्र काढलं. कॅलिफोर्नियातल्या मोहावेच्या हँगरमध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने, देणग्यांवर ते उभं राहिलं. नुसता सांगाडा ४२६ किलोंचा. त्यात सतरा टाक्यांमध्ये इंधन भरलं ३,१८१ किलो. सांगाड्याच्या साडेसातपट! १४ डिसेंबर १९८६ च्या सकाळी एडवर्ड्स तळावरून वैमानिक डिक रुटान आणि जीना येगर निघाले तेव्हा इंधनाने भरलेले पंख इतके खाली झुकले होते की टोकं धावपट्टीला घासत गेली. साडेचार किलोमीटरच्या धावपट्टीपैकी जवळजवळ ४.३ किलोमीटर संपल्यावर चाकं सुटली. घासलेली टोकं नंतर हवेतच गळून पडली.

पुढचे नऊ दिवस आडव्या टेलिफोन बूथएवढ्या जागेत दोघं जण. तोल राखण्यासाठी एका टाकीतलं इंधन दुसऱ्या टाकीत घालत राहायचं. पृथ्वीची प्रदक्षिणा, ४०,२१२ किलोमीटर, कुठेही न उतरता आणि हवेत इंधन न घेता. हिशेब केला तर लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास, एखाद्या जुन्या मोटारीचं अ‍ॅव्हरेज. परतीच्या वाटेवर, तळ टप्प्यात आलेला असताना चालू असलेलं मागचं इंजिन बंद पडलं आणि बंद ठेवलेलं पुढचं चालू होईपर्यंत विमान तरंगत खाली येत राहिलं.

२३ डिसेंबरला ९ दिवस, ३ मिनिटं, ४४ सेकंदांनी ते एडवर्ड्सवर टेकलं. टाक्यांत इंधन उरलं होतं ४८ किलो.