रुपयाचा बाथ होताना
पहिली परदेशवारी : लेखांक ६

पासपोर्ट आला, तिकिटं निघाली. आता घरोघरी एकच वाद : डॉलर किती घ्यायचे? उदाहरणादाखल बँकॉक-पट्टायाच घेऊ, कारण आपल्याकडच्या पुष्कळांची पहिली वारी तिथलीच असते. तिथे दुकानात डॉलर चालत नाही, बाथ चालतो. मग इथूनच बाथ घ्यावेत, की डॉलर नेऊन तिथे मोडावेत?

वरवर पाहता बाथ घेणं शहाणपणाचं. एकदाच बदल, एकदाच कात्री. पण आपल्याकडच्या मनी-चेंजरकडे डॉलरची उलाढाल मोठी असते, त्यामुळे त्याच्या खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर कमी. बाथला गिऱ्हाईक थोडं, म्हणून अंतर जास्त. उलट बँकॉकमध्ये डॉलर घेणारी दुकानं शेजारीशेजारी उभी, चढाओढीने भाव देणारी. त्यामुळे दोनदा मोडूनही कधीकधी जास्त बाथ हातात पडतात. म्हणून जाणकारांचा सल्ला ऐकण्यापेक्षा कागदावर एक आकडा काढा : दहा हजार रुपये दिले, तर या वाटेने शेवटी किती बाथ आणि त्या वाटेने किती? ‘झिरो कमिशन’ची पाटी बघून हुरळू नका, कमिशन भावातच दडलेलं असतं. जीएसटीची मात्र फार काळजी नको. पन्नास हजारांचं चलन घेतलं, तर तो ९० रुपयांच्या घरात जातो.

डॉलर नेणार असाल तर शंभराच्या, कोऱ्या नोटा मागून घ्या. बँकॉकमध्ये शंभराच्या नोटेला एक भाव, वीस-दहाच्या नोटांना त्याहून कमी, असा फलकच लावलेला असतो. पेनाने आकडा लिहिलेली किंवा कडा फाटलेली नोट तर बऱ्याचदा घेतच नाहीत. आणि सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आल्याआल्या समोर दिसणाऱ्या बँकेच्या काउंटरवर सगळे पैसे मोडू नका. शहराकडे जाणारी रेल्वे जिथून सुटते त्या तळमजल्याखालच्या मजल्यावर उतरा. तिथल्या छोट्या खिडक्यांवर भाव सहसा बराच चांगला असतो. पासपोर्ट हाताशी ठेवा, तो मागतात.

सरकारी नियम थोडक्यात. एका प्रवासाला परकी नोटा ३,००० डॉलर मूल्यापर्यंतच मिळतात, बाकीचे कार्डावर. चलनाची किंमत ५०,००० रुपयांवर गेली तर पैसे रोखीने देता येत नाहीत. परत येताना लागणारे आपले रुपये २५,००० पर्यंत सोबत नेता येतात.

आता कार्ड. जेवणाचं बिल १,८०० बाथ झालं. वेटर मशीन पुढे करतो आणि पडद्यावर दोन ओळी येतात : एकीत १,८०० बाथ, दुसरीत रुपयांतला आकडा. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जातं. तिथेच फसगत आहे. रुपयाची ओळ निवडली की भाव ठरवतो तो त्या मशीनमागचा धंदा, आणि त्यात स्वतःचा नफा मोकळ्या हाताने घालतो. बाथ निवडला तर भाव व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्याचा लागतो, जो बाजारभावाच्या जवळ असतो. त्यावर तुमची बँक मार्कअप लावते. बहुतेक क्रेडिट कार्डांवर हा मार्कअप २ ते ३.५ टक्के, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्के धरले तरी एकूण सव्वाचारच्या आत. वाईट वाटण्यासारखंच आहे, पण रुपयाच्या ओळीपेक्षा बहुधा स्वस्त. वर गंमत अशी, की रुपयांत पैसे भरले म्हणून आपली बँक गप्प बसेल असंही नाही; परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक बँका वेगळा आकार लावतात. काही वेळा वेटर आपल्याला न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. त्यामुळे कार्ड देतानाच ‘बाथ, बाथ’ म्हणून सांगावं. सही करण्याआधी पावती बघावी, आणि रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला लावावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एटीएमवरही हाच खेळ. थायलंडमधली एटीएम परक्या कार्डाकडून दर वेळी २२० बाथ किंवा जास्त घेतात, मग तुम्ही हजार काढा नाहीतर दहा हजार. म्हणून काढायचेच तर एकदम काढा. मशीनने भाव मान्य आहे का असं विचारलं तर नाकारा; पैसे तरीही मिळतात. क्रेडिट कार्डावर मात्र रोकड काढूच नका, व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. फॉरेक्स कार्डात डॉलर भरून बाथ खर्च केले तर पुन्हा वेगळी फी लागते, तेव्हा कार्डात बाथचा कप्पा आहे का ते घेतानाच विचारा.

हॉटेलची अनामत हा एक वेगळाच जाच. चेक-इनला कार्डावर काही हजार बाथ अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा अडते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर खरे पैसे अडतात, आणि सुटायला कधी कधी आठवडाही जातो. तोवर सहल संपलेली असते. म्हणून अनामतीला क्रेडिट कार्ड. निघण्याआधी ॲपमध्ये त्याचा परदेशी वापर चालू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर तो बंदच असतो.

रस्त्यावरच्या गाड्यांवर मात्र रोकड किंवा तिथला ‘प्रॉम्प्टपे’चा क्यूआर. आपल्या यूपीआयच्या भरवशावर तिथे राहू नका. हजाराची नोट टॅक्सीवाल्याला दाखवली की सुट्टे नाहीत म्हणतो, म्हणून वीस आणि शंभराच्या नोटा साठवत जा. बाजारात झटपट हिशोबाला किंमत तिनाने गुणा. बाथ सध्या तीन रुपयांच्या आतच असल्यामुळे चूक झाली तरी खिशाच्या फायद्याची होते.

परतल्यावर उरलेल्या नोटा २,००० डॉलर मूल्यापर्यंत पुढच्या वारीसाठी ठेवता येतात; त्यावरच्या १८० दिवसांत परत करायच्या असतात. नाणी मात्र आपल्याकडे कुणी घेत नाही. ती विमानतळावरच पाण्याच्या बाटलीत घालवा.

पुढील लेखांकात : प्रवास विमा.