आठ सेंटीमीटर शिवण

सायकलचे पंक्चर तुमच्यापैकी पुष्कळांनी काढले असेल. निदान कोपऱ्यावरच्या दुकानात उभे राहून पाहिले तरी असेलच. दोन चपट्या पट्ट्यांनी टायरची एक कड रिमबाहेर काढायची, आतली ट्यूब ओढून घ्यायची, तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे दिसले की तेथे खूण करायची. मग कानस, सोल्यूशन आणि ठिगळ. दहा-पंधरा मिनिटांचे काम! पण ज्या टायरला सोडवायला कडच नाही, ज्याच्या पोटात ट्यूब शिवून बंद केलेली आहे, त्याचे पंक्चर तुम्ही कसे काढाल?

हा प्रश्न एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. आमच्या खारघरच्या टेकडीवर चाफेवाडी आणि फणसवाडी या वाड्यांकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता आहे. आमच्याच इमारतीतला अकरावीत शिकणारा एक मुलगा तेथे सायकलचा सराव करतो. त्याने पैसे साठवून शर्यतीची एक जुनी सायकल विकत घेतली होती. तिच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. महामार्गाजवळच्या पंक्चरवाल्याने चाक फिरवून पाहिले आणि परत दिले. "याला उघडायला जागाच नाही," तो म्हणाला. नवा टायर घेण्याएवढे पैसे मुलाजवळ नव्हते, आणि रविवारी सकाळी मित्रांबरोबर पनवेलमार्गे खोपोलीपर्यंत जायचे ठरले होते.

"सर, हे दुरुस्त होईल ना?" त्याने विचारले.

होईल, मी म्हणालो. पण आधी हा टायर आहे तरी काय, ते समजून घेऊ.

टायर नव्हे, पिशवी!

आपल्या नेहमीच्या टायरचा आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसतो. त्याच्या दोन्ही कडांत तार असते आणि या कडा रिमच्या काठांना धरून बसतात. शर्यतीच्या या टायरला ट्युब्युलर म्हणतात. त्याचा छेद पूर्ण वर्तुळाकार असतो. सुती किंवा तशाच दुसऱ्या मजबूत धाग्यांच्या कापडाची लांब पट्टी ट्यूबभोवती गुंडाळून तिच्या दोन्ही कडा आतल्या बाजूने एकमेकींना शिवतात. शिवणीवर कापडी फीत चिकटवतात आणि बाहेरून रबराचा पातळ थर देतात. ही गोल पिशवी उथळ खोबणीच्या रिमवर डिंकासारख्या चिकट द्रव्याने चिकटवलेली असते. रिमला टायर धरून ठेवणारे काठ लागत नाहीत, म्हणून रिम हलकी होते. शर्यतीत हलक्या चाकाला फार किंमत असते.

टायर चाकाला चिकटवण्याची पद्धत तशी जुनीच. जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, तेव्हा तोही चाकाला पक्का बसवलेला असे. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर झालेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला सुमारे तीन तास लागले, शिवाय चिकटवलेला भाग रात्रभर वाळत ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी चालवून पाहिला तर टायर पुन्हा बसला! या अनुभवातून मिशेलिन यांनी काढता-घालता येणारा टायर तयार केला. तो वापरून शार्ल तेराँ यांनी 1891 साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत जिंकली. पुढे नेहमीच्या सायकलींना काढता येणारे टायर आले, आणि शिवलेला, चिकटवलेला टायर शर्यतीच्या सायकलींवर टिकून राहिला. आता शर्यतींतही ट्यूब नसलेले टायर बरेच दिसतात.

एका टाक्यावर किती भार?

आता थोडे गणित करू. या टायरची जाडी 2.2 सेंटीमीटर आणि त्यातील हवेचा दाब 8 वातावरणे, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 8 किलोग्रॅम वजनाइतका आहे असे समजा. टायरचा 1 सेंटीमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि तो मधोमध उभा चिरून त्याचे दोन अर्धे भाग झाले अशी कल्पना करा. हे अर्धे भाग एकमेकांपासून दूर ढकलणारी हवा 2.2 चौरस सेंटीमीटर क्षेत्रावर दाब देते. म्हणजे ढकलणारे बल 2.2 × 8 = 17.6 किलोग्रॅम वजनाइतके झाले. ते वरचे कापड आणि खालची शिवण या दोघांत वाटले जाते. तेव्हा शिवणीच्या प्रत्येक सेंटीमीटरवर जवळजवळ 9 किलोग्रॅमचा ताण आला!

पंक्चर काढण्यासाठी आपल्याला सुमारे 8 सेंटीमीटर शिवण उसवावी लागते. तेवढ्या शिवणीवरचा एकूण ताण 70 किलोग्रॅम, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वजनाइतका होतो. चिकटवलेली फीत आणि रिम यांची थोडी मदत मिळते, पण शिवताना पूर्ण भार धरूनच शिवलेले बरे.

गंमत अशी की, साध्या सायकलचा 3.8 सेंटीमीटर जाडीचा टायर 3 वातावरणे दाबाला भरला, तर त्याच्या कापडावर दर सेंटीमीटरला 5.7 किलोग्रॅम ताण येतो. दाबातला फरक अडीचपटींहून अधिक, पण ताणातला फरक दीडपटच! ताण दाबावर अवलंबून असतो तसाच जाडीवरही अवलंबून असतो, म्हणून बारीक टायरला जास्त दाब पेलतो.

छिद्र कोठे आहे?

पहिली अडचण येथेच येते. टायर पाण्यात बुडवला की बुडबुडे भलतीकडूनच, बहुधा व्हॉल्व्हजवळून येतात. ट्यूबमधून निसटलेली हवा कापडाच्या आतून सरकत जाते आणि वाट मिळेल तेथे बाहेर पडते. म्हणून आधी टायरचा पृष्ठभाग बोटाबोटाने तपासला. काट्याचे टोक सापडले. तेथे साबणाचे पाणी लावले, तेव्हा बारीक फेस आला आणि जागा पक्की झाली.

मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून टायर रिमवरून सोलून काढला. खुणेच्या ठिकाणी फीत उचलली. शिवण उसवण्यापूर्वी तिच्यावर पेनने तीन-चार आडव्या रेघा मारल्या, कारण दोन्ही कडा नंतर जशाच्या तशा जुळायला हव्यात. नाहीतर टायर तेथे वाकडा होतो. बोथट सुईने टाके उचलून ते एकेक कापले. पाते नेहमी ट्यूबपासून दूर, वरच्या दिशेने धरावे.

ट्यूब बाहेर काढून छिद्राभोवती खरकागद फिरवला, सोल्यूशन लावले आणि पाच मिनिटे थांबलो. मुलगा उतावीळ झाला होता, पण हे थांबणे आवश्यक असते. सोल्यूशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून गेल्यावरच ठिगळाच्या आणि ट्यूबच्या रबराचे लांबलचक रेणू एकमेकांत नीट गुंततात. द्रावक आत अडकले तर जोड कच्चा राहतो.

ठिगळ बसले. मग कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला. तो एके ठिकाणी अडकला. काट्याचे दुसरे टोक तेथेच लपले होते! ते राहिले असते तर सारी मेहनत वाया गेली असती.

ट्यूब आत घालून तिच्यात जेमतेम आकार येईल एवढीच हवा भरली, म्हणजे सुई तिला लागत नाही. चप्पल शिवायचा मेण लावलेला मजबूत दोरा घेतला आणि जुन्याच भोकांतून टाके घातले. दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर जुन्या शिवणीवरही शिवले. टाका फार आवळला तर कापड कापते, सैल राहिला तर शेजारच्या टाक्यांवर भार येतो. शेवटी फीत परत चिकटवली.

घाई नको!

टायर रिमवर बसवेपर्यंत शनिवारची रात्र झाली. चिकट द्रव्य पक्के व्हायला चोवीस तास हवेत.

"सर, हवा भरली की टायर आपोआपच रिमला आवळून बसतो ना? मग उद्या सकाळी जाऊ का?"

त्याचे निरीक्षण बरोबर होते. हवा भरल्यावर टायर खरोखरच रिमला आवळतो. याचे कारण पाहायचे असेल तर एक रुमाल घ्या. समोरासमोरची दोन टोके धरून तो तिरपा ओढा. रुमाल लांब होतो आणि अरुंद होतो. आता उरलेली दोन टोके धरून तो रुंदीच्या दिशेने ओढा, म्हणजे लांबी कमी होईल. ट्युब्युलरच्या कापडाचे धागेही असेच सुमारे 45 अंशांत तिरपे असतात. हवा टायरला जाड करू पाहते, त्यामुळे त्याची लांबी, म्हणजेच घेर, आखडतो आणि तो रिमला आवळतो.

पण वळणावर टायरला बाजूने रेटा बसतो, तेव्हा नुसते आवळणे पुरत नाही. चिकट द्रव्याचीच पकड लागते. उतारावर आणखी एक धोका असतो. सायकल आणि स्वार मिळून 75 किलोग्रॅम वस्तुमान 100 मीटर खाली उतरले की सुमारे 73,500 ज्यूल ऊर्जा सुटते. ती सगळी ब्रेकमधून 900 ग्रॅम ॲल्युमिनियमच्या दोन रिममध्ये गेली आणि वाऱ्याने त्या थंड झाल्याच नाहीत, तर त्यांचे तापमान जवळजवळ 90 अंश सेल्सिअसने वाढेल. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा हवेच्या विरोधात खर्च होते आणि रिम वाऱ्याने थंडही होत राहतात. तरीही लांब उतारावर तापलेल्या रिमवरचे चिकट द्रव्य मऊ पडू शकते. ते अर्धवट वाळलेले असेल तर मग बोलायलाच नको.

मी त्याला माझ्या डाव्या कोपरावरचा जुना व्रण दाखवला. कॉलेजात असताना मीही असाच टायर रात्री चिकटवून सकाळी निघालो होतो. दुसऱ्याच वळणावर टायर रिमवरून निसटला. चूक माझीच होती. गणित येत होते, पण थांबणे येत नव्हते.

मुलगा काही बोलला नाही. रविवारी पहाटे मित्र खोपोलीकडे निघाले, तेव्हा तो खाली त्यांना निरोप द्यायला उभा होता. सोमवारी आम्ही टायरला दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून बाजूला रेटून पाहिले. तो जागचा हलला नाही. शिवणीच्या जागी चाक फिरवून पाहिले, टायर सरळ होता. मग हळूहळू 8 वातावरणांपर्यंत हवा भरली आणि तो टेकडीकडे गेला.

तासाभराने तो परत आला. टायर हाताला कोमट लागत होता, हवा जशीच्या तशी होती. आता पंक्चरवाल्याला ती शिवण दाखवायला तो गेला आहे.

तुम्ही रुमालाचा प्रयोग जरूर करून पाहा. आणि तुमच्या सायकलच्या टायरची जाडी मोजून, हवेचा दाब विचारून घेऊन, त्याच्या कापडावर दर सेंटीमीटरला किती ताण येतो तेही काढून पाहा.