नकाशे करणारांची परिषद

२०१८ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेंतील दार-ए-सलाम ह्या शहरीं एक परिषद भरली होती. तिला जमलेले लोक राजकारणी नव्हते, साहित्यिकही नव्हते. संगणकावर नकाशे करण्याचें सॉफ्टवेअर रचणारे कांहीं आणि तें रोजच्या कामांत वापरणारे कांहीं, असा तो मेळा होता. ह्या परिषदेला 'फॉसफोरजी' असें नांव आहे. कानाला तें चमत्कारिक लागतें खरें, पण अर्थ साधा आहे : भूगोलविषयक कामासाठीं लागणारें मुक्त सॉफ्टवेअर. २००६ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें भरल्यापासून ही परिषद बहुतेक दरवर्षीं नव्या शहरीं भरत आली आहे. आफ्रिका खंडांत ती प्रथम २००८ सालीं केप टाउनला गेली, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं दार-ए-सलामला. ह्या वेळचें तिचें घोषवाक्य, मराठींत सांगावयाचें तर, 'कोणीही मागें राहूं नये' असें होतें. परिषदांचीं घोषवाक्यें बहुधा विसरून जाण्याच्याच लायकीचीं असतात; परंतु ह्या शहरापुरता त्या शब्दांना नेमका अर्थ होता. तो कळावा म्हणून संगणकावरचा नकाशा म्हणजे काय, हें आधीं थोडें पाहूं.

आपण फोनवर नकाशा उघडतों तेव्हां समोर दिसतें तें चित्र. परंतु चित्र ही त्या नकाशाची शेवटची अवस्था होय. मुळांत तें असतें एक कोष्टक. एका ओळींत एक वस्तु : हें घर, ही विहीर, हा नाला. पुढील रकान्यांत तिची हकीकत : घर कौलारू कीं पत्र्याचें, नाला किती रुंद, किती खोल, वाहता कीं तुंबलेला. आणि एका रकान्यांत तिची पृथ्वीवरील जागा, अक्षांश-रेखांशांच्या आंकड्यांत. एवढें सिद्ध झालें कीं संगणकाला विचारतां येतें, "नाल्यापासून पन्नास मीटरांच्या आंत पत्र्याचीं घरें किती?" आणि उत्तर क्षणांत मिळतें. कागदी नकाशाला हाच प्रश्न विचारावयाचा, तर कोणा तरी कारकुनाला कर्कटक घेऊन दिवसभर मोजीत बसावें लागलें असतें.

जागा नोंदण्याच्या तऱ्हा दोन, आणि दोन्ही आपल्या घरांत परिचयाच्या आहेत. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके द्यावयाचे आणि ते रेषांनीं जोडावयाचे. रस्ते, घरें, सीमा ह्या तऱ्हेनें नोंदल्या जातात. दुसरी तऱ्हा चौकटीच्या कापडावरील कशिद्याची. प्रत्येक चौकटींत एक टांका, टांक्याला एक रंग. उपग्रहांनीं घेतलेलीं छायाचित्रें आणि जमिनीची उंची ह्या तऱ्हेनें सांठवितात. रांगोळी आणि कशिदा एकमेकांवर बिनचूक बसविणें, ह्यांतच ह्या सॉफ्टवेअरची निम्मी विद्या आहे.

आणि तें वाटतें तितकें सोपें नाहीं. पृथ्वी वाटोळी, पडदा सपाट. मोसंब्याची साल अखंड काढून पाटावर दाबून पाहावी. ती कोठें तरी फाटते, नाहीं तर ताणली जाते. मर्केटरनें १५६९ सालीं खलाशांसाठीं जो नकाशा केला, त्यांत दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या जोडीचें दिसतें. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. दुसरी अडचण अधिक छुपी. अक्षांश-रेखांश मोजावयाचे ते पृथ्वीचा आकार नेमका कोणता धरून? भारताच्या मोजणीसाठीं जॉर्ज एव्हरेस्टनें १८३० सालीं एक आकार ठरविला. टांझानियाच्या जुन्या नकाशांचा आधार निराळा. आणि आजचे उपग्रह तिसराच आकार धरून चालतात. टांझानियाच्या जुन्या नकाशावरील आंकडे जसेच्या तसे नव्यावर उतरविले, तर एकूण एक घर दोनतीनशें मीटर सरकतें. ज्या घरांत पुराचें पाणी शिरतें तें कागदोपत्रीं कोरडें होतें, आणि कोरडें घर पाण्यांत जातें. हा हिशेब जुळविणारीं सूत्रें सॉफ्टवेअरच्या पोटांत असतात. एव्हरेस्टचा तो आकारही तेथें आहे, आणि जुने भारतीय नकाशे नव्यांशीं जुळवितांना आजही त्याचें नांव निवडावें लागतें.

आतां परिषदेकडे वळूं. ह्या क्षेत्रांत परिषदा दोन जातींच्या असतात. एक जात एखाद्या मोठ्या कंपनीनें आपल्या गिऱ्हाइकांसाठीं भरविलेली. एस्री ह्या अमेरिकन कंपनीचें सॉफ्टवेअर जगभर सरकारी कचेऱ्यांत चालतें. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें ती जें संमेलन भरविते, त्याला हजारों लोक जातात. तेथें शिकण्यासारखें पुष्कळ असतें, ह्यांत संशय नाहीं. परंतु पुढील वर्षीं काय मिळणार, हें तेथें कंपनी सांगते आणि गिऱ्हाईक ऐकतें. दुसरी जात फॉसफोरजीची. येथील सॉफ्टवेअर कोणाच्या एकट्याच्या मालकीचें नाहीं; तें फुकट घेतां येतें, उघडून पाहतां येतें, दुरुस्त करून परत देतां येतें. अमेरिकन सैन्याच्या बांधकामविषयक प्रयोगशाळेनें १९८२ च्या सुमारास 'ग्रास' नांवाचें सॉफ्टवेअर रचावयास घेतलें. पुढें सैन्यानें तें सोडलें आणि विद्यापीठांतील लोकांनीं तें जगविलें. अलास्कांत राहणाऱ्या गॅरी शर्मन ह्यांनीं २००२ सालीं आपल्या सोयीसाठीं एक लहानसा नकाशादर्शक लिहावयास घेतला. तोच आज 'क्यूजीआयएस' म्हणून देशोदेशींच्या नगररचना कचेऱ्यांत आणि वर्गांत वापरला जातो.

अशा परिषदेचे आरंभींचे दिवस शिकवणीचे असतात. लोक आपापले संगणक उघडून बसतात आणि शिक्षकाबरोबर पायरी-पायरीनें काम करतात. मग मुख्य सभा : एकाच वेळीं अनेक दालनांत वीस-वीस मिनिटांचीं भाषणें. नवखा मनुष्य येथें हमखास गोंधळतो. सगळीं ऐकावयास धांवतो आणि एकही नीट ऐकत नाहीं. जाणता मनुष्य दिवसाला तीनचार निवडतो आणि उरलेला वेळ चहाच्या टेबलापाशीं काढतो. ह्यांत आळस नाहीं. महिनोन् महिने ज्या दोषानें आपल्याला छळलें, त्या दोषाचा कर्ता समोर कपबशी घेऊन उभा असतो, आणि त्याला तो दोष पडद्यावर दाखवितां येतो. शेवटचे एकदोन दिवस तर भाषणें नसतातच. रचणारे लोक एका खोलींत बसतात आणि त्या आठवड्यांत ऐकलेल्या तक्रारी निस्तरावयास घेतात. माझ्या मतें परिषदेचा खरा दिवस तो.

परंतु दार-ए-सलामला जाण्यांत ह्याहून अधिक कांहीं होतें. २०१२ च्या जनगणनेंत ह्या शहराची वस्ती सुमारें ४४ लक्ष होती, आणि तिचा मोठा भाग आराखड्यावांचून उठलेल्या वस्त्यांत राहत होता. घरें होतीं, गल्ल्या होत्या, बाजार होते. सरकारी नकाशावर मात्र तेथें कोरी जागा. डिसेंबर २०११ मध्यें मोठा पूर आला आणि सुमारें चाळीस माणसें दगावलीं. नाले कोठून कोठें जातात, कोणता तुंबला आहे, कोणत्या वस्तींत किती लोक अडकले असतील, हें कोणत्याही एका कागदावर नव्हतें.

२०१५ सालीं तेथें 'रामानी हुरिया' हें काम सुरू झालें. स्वाहिली भाषेंत ह्याचा अर्थ 'खुला नकाशा'. जागतिक बँकेचें साहाय्य होतें, रेड क्रॉस होती. पण पायपीट केली ती तेथील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनीं आणि वस्तींतील रहिवाशांनीं. हातीं फोन आणि छापील कागद घेऊन ते गल्लोगल्ली हिंडले. नाल्याची रुंदी आणि खोली मोजली. मागच्या पुरांत पाणी कोठवर चढलें होतें, हें घरोघर विचारलें. तेथें मोहल्ल्याचा जो सर्वांत लहान विभाग, त्याला 'शीना' म्हणतात आणि त्याच्या पुढाऱ्याला 'म्जुंबे'; शीनाच्या हद्दी कागदावर नसल्या तरी त्या पुढाऱ्यांना तोंडपाठ होत्या, त्या त्यांच्याकडून उतरवून घेतल्या. ही सारी माहिती ओपनस्ट्रीटमॅप ह्या जगाच्या खुल्या नकाशांत भरली गेली. हा नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झालेला. ज्ञानकोशांत जशी कोणासही भर घालतां येते, तशी ह्यांतही येते. मग क्यूजीआयएसला जोडलेलें 'इनासेफ' नांवाचें साधन पुराची रेषा आणि घरांची रेषा एकमेकांवर ठेवून सांगूं लागलें, कीं पाणी एवढें चढलें तर इतक्या इमारती पाण्यांत जातील. म्हणून ही परिषद त्या शहरीं भरणें शोभून दिसलें. पाहुण्यांनीं घडविलेल्या साधनांवर यजमानांनीं केलेलें काम बाहेरच्या रस्त्यावर पाहावयास मिळत होतें.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. नकाशावर येणें नेहमींच हिताचें असतें काय? डिसेंबर २०१५ मध्यें ह्याच शहरांतील म्सिम्बाझी नदीच्या खोऱ्यांतलीं घरें सरकारनें पाडावयास घेतलीं. जागा पुराची, धोक्याची, हें कारण. ज्या खुणेवरून मदत पोंचते, त्याच खुणेवरून घर पाडणाराही पोंचूं शकतो. हा प्रश्न सॉफ्टवेअरनें सुटणारा नाहीं. परंतु नकाशा कोणाच्या हातीं आहे, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. तो एका कचेरींतच असेल, तर रहिवाशाला आपलें घर चुकीच्या बाजूला दाखविलें आहे हेंही कळत नाहीं. तो खुला असेल, तर निदान त्याच नकाशावर बोट ठेवून भांडतां येतें.

मध्यंतरीं यंत्रांची प्रगति मोठी झाली. २०२१ सालीं गूगलनें आफ्रिकेंतील कोट्यवधि इमारतींच्या बाह्यरेषा उपग्रहचित्रांवरून यंत्राकरवीं काढवून प्रसिद्ध केल्या. हें काम थोर आहे. पण यंत्राला वरून छप्पर दिसतें. छपराखालीं शाळा आहे कीं गोदाम, आणि दारासमोरचा नाला कचऱ्यानें बुजला आहे कीं काय, हें तेथें उभ्या राहिलेल्या माणसानेंच सांगावें लागतें.

आपल्याकडेही काळ पालटला आहे. नकाशा करण्यावर आणि तो प्रसिद्ध करण्यावर पूर्वीं जीं बंधनें होतीं, त्यांतील बरींचशीं केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२१ मध्यें भारतीय व्यक्तींसाठीं व संस्थांसाठीं उठविलीं, आणि डिसेंबर २०२२ मध्यें राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केलें. ज्यांना परिषदेला जाणें शक्य नाहीं, त्यांनीं एखाद्या सुटीच्या सकाळीं ओपनस्ट्रीटमॅपवर आपली गल्ली शोधावी. घरें बहुधा सांपडतील. मग पाण्याची टांकी आहे काय, दवाखाना बरोबर जागीं आहे काय, कोपऱ्यावरचा नाला मुळीं दाखविला आहे काय, हें पाहावें. प्रत्येक स्थळाच्या नांवाला तेथें निरनिराळ्या भाषांचे रकाने आहेत, त्यांत मराठीचाही आहे. पुष्कळ ठिकाणीं तो अजून रिकामा आहे.